एकट्याचे सीमोल्लंघन

परदेशगमन ही गोमंतकाला नवी गोष्ट नव्हे. आमचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या बोटींवर गेले, कित्येक कुटुंबे आफ्रिकेत गेली, पुढे आखाती देशांची वाट रुळली आणि गेल्या काही दशकांत पोर्तुगीज पारपत्राच्या बळावर इंग्लंड गाठणारेही गावोगाव निघाले. पोटासाठी देश सोडणाऱ्या या मंडळींविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु पोटाची विवंचना नसताना विशीतल्या तरुणाने वा तरुणीने एकट्याने परमुलखात जावे, चार-सहा महिने तेथील माणसांत राहावे, त्यांची भाषा शिकावी, त्यांच्या पंक्तीला बसावे, असा विचार कोणी बोलून दाखविला की आमच्या सुशिक्षित घरांतही कपाळाला आठ्या पडतात. "सहल कंपनीबरोबर का जात नाहीस?" हा पहिला प्रश्न. "लोक काय म्हणतील?" हा दुसरा, मुलगी असेल तर तोच पहिला.

अशा वेळी आम्हाला साखवाळच्या एका तरुणाचे स्मरण होते. धर्मानंद कोसंबी यांनी १८९९ च्या अखेरीस घर सोडले तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. नियमित शालेय शिक्षण फारसे नाही, गाठीला पैसा नाही. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात वाचलेल्या बुद्धचरित्राने लावलेली ओढ एवढेच भांडवल. गोवेकराला त्या काळी पुणे हेही परराज्यच. पुणे, ग्वाल्हेर, काशी करीत ते नेपाळात पोहोचले आणि तेथील बौद्ध धर्माची अवस्था पाहून निराश झाले. पण घरी परतले नाहीत. १९०२ मध्ये ते सिंहलद्वीपात गेले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पालीचे अध्ययन करू लागले. अन्न मानवेना, लिपी अनोळखी, भोवताली आपली भाषा बोलणारे कोणी नाही. पुढे ब्रह्मदेशात तोच पाठ नव्याने गिरवावा लागला. तेथे लिपीही निराळी. १९०६ च्या सुमारास ते स्वदेशी स्थिरावले, तेव्हा बागाईत पाहणारा तो साखवाळकर उरला नव्हता. १९१० मध्ये 'विसुद्धिमग्गा'च्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने पाचारण केले ते या माणसाला. आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला तोही हाच. अमेरिकेच्या वास्तव्यात त्यांना समाजवादाची गोडी लागली होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या कथेची दुसरी बाजू झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. कोसंबींच्या ज्ञानयात्रेची किंमत त्या माउलीने मोजली. संसार पाठीशी टाकून निघण्याचा उपदेश आम्ही कोणालाही करणार नाही. किंबहुना म्हणूनच, संसार गळ्यात पडण्यापूर्वीचे वर्ष अशा प्रवासाला योग्य, असे आमचे मत आहे.

असा प्रवास माणसाला बदलतो तो नेमका कशाने? आमच्या गावात अनोळखी पोर दिसले की वडीलधारे प्रथम विचारतात, "कोणाचा रे तू?" एकदा उत्तर मिळाले की आडनाव, वाडा, देवस्थान, जात सारे कळून चुकते आणि पोराला स्वतःविषयी काही सांगावे लागत नाही. परमुलखात हा प्रश्न कोणी विचारीत नाही, कारण उत्तराचा तेथे काहीच उपयोग नसतो. भाकरी मागायलाही शब्द शोधावा लागतो. पदवीधर तरुण तीन वर्षांच्या मुलासारखा बोबडा होतो. इतकेच नव्हे, यजमानाची म्हातारी आई सहज विचारते की तुमच्याकडे अमुक माणसांनी तमुकांच्या घरी का जेवू नये. आणि आयुष्यभर जे गृहीत धरले त्याचे उत्तर आपल्यापाशी नाही, हे तिथल्या चुलीपाशी बसून उमगते. हा अनुभव सहल कंपनीच्या बसमध्ये मिळत नाही. तेथे आचारीसुद्धा बरोबर नेलेला असतो!

मात्र नुसते अंतर कापल्याने हे घडते असे कोणी समजू नये. त्याचा पडताळा आमच्याच किनाऱ्यावर आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीपासून हणजूण-वागातोर भागात पाश्चात्त्य तरुण येत राहिले. कित्येक इस्तंबूल-काबूलच्या खुष्कीच्या मार्गाने आले. पुढे लष्करी सेवा संपवून आलेले इस्रायली तरुणही दिसू लागले. त्यांतील काही येथील संगीत शिकले, काही योग शिकले. पण बहुतेकांनी आपापल्या देशबांधवांचे कोंडाळे करून हंगाम घालविला; ज्याच्या खोलीत राहिले त्या घरमालकाची भाषा त्यांना दोन वाक्यांपलीकडे आली नाही. आज आमची मुले परदेशी विद्यापीठांत जातात तेथे हेच करतात. आपल्यांच्याच खोलीत राहतात, आपलेच जेवतात आणि रात्री भ्रमणध्वनीवर आईला पानातली भाजी दाखवितात.

एका वाचकाने आम्हास लिहिले आहे की त्यांची पदवीधर कन्या सहा महिने एकटीने व्हिएतनाममध्ये राहू इच्छिते, काय करावे? काळजी रास्त आहे. परंतु १८८३ मध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, घरचे कोणीही बरोबर नसता, आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. तेव्हा पत्र पोहोचायला आठवडे लागत. आज मुलीचा आवाज क्षणात ऐकू येतो, हीच खरी अडचण ठरू नये म्हणजे झाले. पत्ता, पैशाची सोय, आजारपणाचा विमा आणि आपल्या वकिलातीचा दूरध्वनी एवढे पाहावे. आठवड्यातून एकदा खुशाली कळावी. रोज रात्रीचा हजेरीपट मात्र नको. खर्च झेपत नसेल त्याने नेपाळ गाठावे; भारतीय नागरिकाला तेथे प्रवेशपत्र लागत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीचा अभ्यासक्रम मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची वाट तत्त्वतः खुली केली आहे. आमच्या महाविद्यालयांनी ती प्रवेशाच्या माहितीपत्रकात ठळकपणे छापावी आणि परतलेल्या विद्यार्थ्याला खिडकी-खिडकी हिंडवू नये. नोकरीच्या मुलाखतीत "हे वर्ष वाया का घालविले?" असे दरडावून विचारणाऱ्या अधिकाऱ्यांनीही हा प्रश्न बदलावा. कोठे राहिलास, कोणाच्या घरी जेवलास आणि त्यांच्या भाषेत चार वाक्ये बोलून दाखवतोस का, असे विचारून पाहावे.