बियासच्या पाण्याची वेळ

मे महिन्यात मनालीला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या फोटोंत बियास नदी हमखास असते. गोट्यांमधून फेसाळत धावणारी, पाय बुडवण्याचा मोह पाडणारी. पण हे पाणी दिवसभर सारखे नसते. उन्हे चढली की वरचा बर्फ वितळू लागतो आणि ते पाणी खाली पोहोचेपर्यंत दुपार उलटते. सकाळी ज्या दगडावर मुले खेळली, तो संध्याकाळी बुडालेला असू शकतो.

धरणाखालचा धोका याहून क्रूर. ८ जून २०१४ रोजी थलौटजवळ हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बियासच्या पात्रात उतरले होते. लारजी धरणातून पाणी सोडले गेले आणि त्यांच्यातले २४ जण वाहून गेले. एवढी कोवळी माणसे जावीत आणि कारण काय, तर पाणी येतेय हे त्यांना वेळेत कळले नाही!

हिमाचलमध्ये खबरदारी म्हणून १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग बंद असते. ते योग्यच, पण अपुरे. थलौटची घटना जूनमधली. शिवाय निसर्ग तारखा पाळत नाही: जुलै २०२३ मध्ये बियासने महामार्गाचे लचके तोडले, तर जानेवारी २०२४ जवळजवळ बर्फाविना गेला.

नदीची पातळी, धरणातून पाणी सोडण्याची वेळ आणि वरच्या बर्फाची स्थिती यांची माहिती रोज सकाळी प्रत्येक हॉटेलात लावलीच पाहिजे. महाराष्ट्रातून सहली नेणाऱ्यांनी ती प्रवाशांना मराठीत, बसमधून उतरण्याआधी सांगावी. धरणाखालच्या प्रत्येक उतारावर भोंगा आणि पहारेकरी ठेवणे ही प्रशासनाची जबाबदारी आहे.