वायरमनच्या परवान्याला उजळणीची जोड हवी

दिवा लागला, पंखा फिरला की वायरिंगचे काम झाले, असे आपण मानतो. वायरमनकडे परवाना आहे का, हे क्वचितच कुणी विचारते.

नियम काय सांगतो?
केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार, किरकोळ कामे वगळता वायरिंग परवानाधारक कंत्राटदाराकडूनच आणि सक्षम पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हायला हवे. परवाने राज्य सरकार देते.

मग बांधकाम कामगार नोंदणी?
ती कौशल्याचा दाखला नव्हे. कायद्यानुसार १८ ते ६० वयोगटातील कामगाराने मागील १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर कल्याणकारी योजनांसाठी त्याची नोंदणी होते.

इतरत्र काय होते?
अमेरिकेतील टेक्सासमध्ये जर्नीमन इलेक्ट्रिशियनला ८,००० तासांचा अनुभव आणि परीक्षा आवश्यक असते. पुढे दरवर्षी नूतनीकरणासाठी ४ तासांचे प्रशिक्षणही घ्यावे लागते, कारण तिथली विद्युत संहिता दर ३ वर्षांनी सुधारली जाते.

आपल्याकडे काय करता येईल?
छतावर सौर पॅनेल, पार्किंगमध्ये ई-वाहनांचे चार्जर आले. जुन्या माहितीवर हे काम करणे जिवावर बेतू शकते. मात्र उजळणीची सक्ती केली, तर नाक्यावरच्या कामगाराचा रोज बुडेल. म्हणून प्रशिक्षण मराठी-हिंदीत, कामाच्या ठिकाणीच द्यावे आणि बुडालेली मजुरी बांधकाम उपकरातून भरून द्यावी. घरमालकांनीही आधी परवाना पाहावा. दिवा लागला म्हणजे अर्थिंग बरोबर आहे, असे नसते.