विज्ञानकथेची थट्टा

विज्ञानकथेचे विडंबन करणे म्हणजे विज्ञानाचाच उपहास करणे होय, असा एक समज आमच्या सुशिक्षित वर्गात बळावत चालला आहे. 2021 साली पुणे महापालिकेत सामील झालेल्या आमच्या वाघोलीतील काही विज्ञानकथाप्रेमी विद्यार्थ्यांनी आपल्या हस्तलिखित अंकात अशा कथांचे एक विडंबन लिहिले. परग्रहावरील पाहुणा भूतलावर उतरतो आणि कथेतील प्राध्यापक त्यास आपला पुतण्या समजून तीन पाने सापेक्षतावाद शिकवितात, एवढाच त्यातील विनोद. परंतु तेवढ्यानेच एक विद्वान गृहस्थ खवळले. 'आधीच समाज अंधश्रद्ध, त्यात ही पोरकट थट्टा!' असा त्यांचा अभिप्राय पडला.

आम्हांस हा युक्तिवाद मुळीच मान्य नाही. रविकिरण मंडळ 1923 साली स्थापन झाले आणि 1925 साली केशवकुमारांची 'झेंडूची फुले' निघाली. त्यायोगे मराठी कविता बुडाली काय? उलट, कोणता शब्द अनुभवातून आला आणि कोणता केवळ सवयीने, हे वाचकांस कळू लागले. मूळ लेखनाची लकब ज्याच्या कानात भिनली नाही त्यास विडंबन साधतच नाही. भाटापेक्षा विडंबनकारच अधिक बारकाईने वाचतो.

आणि या प्रकाराचे मूळच मुळी थट्टेत आहे! दुसऱ्या शतकात लुशियनने थापाड्या प्रवाशांची टर उडविण्यासाठी आपल्या निवेदकास चंद्रावर धाडले. 1726 साली स्विफ्टने लापुटा हे तरंगते बेट रचून तत्कालीन संशोधकांची रेवडी उडविली. बेलफास्टच्या वॉल्ट विलिस व बॉब शॉ या विज्ञानकथेच्या चाहत्यांनी तर 1954 साली स्वतःच्या चाहतेपणावरच रूपककथा लिहिली. तिचा नायक बिचारा सर्वांगपरिपूर्ण हौशी मासिक काढण्याच्या ध्यासाने रानोमाळ भटकतो.

आमच्याकडे 1974 साली जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून, पाठविली. पहिले पारितोषिक मिळाले ते कथेस, नावास नव्हे. त्यांच्यामागून आलेल्या कित्येकांस मात्र माहितीचे कवच हवे असते. कथा फसली तरी वाचकांस ज्ञान तर मिळाले ना! असे ज्ञान पाठ्यपुस्तकात याहून स्वस्त मिळते. पात्रे लाकडी आणि संवाद व्याख्यानवजा आहेत, हे सांगण्याचे जे काम समीक्षकांनी भिडेखातर टाळले, ते या पोरांनी केले. त्यांच्या शुद्धलेखनाविषयी आमची तक्रार आहे, थट्टेविषयी नाही.