स्वाद राहू द्या, भुलवणूक थांबवा

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
ब्रिटन सरकार

महोदय,

टोबॅको अँड व्हेप्स विधेयकातून आपल्या सरकारने वेपचे स्वाद, वेष्टन आणि दुकानातली मांडणी या तिन्हींवर नियम करण्याचे अधिकार मागितले. वेष्टन आणि मांडणीच्या बाबतीत अजिबात हयगय करू नका. फळांच्या स्वादांवर मात्र सरसकट बंदी घालू नका, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

मी इथे राहणारा मराठी माणूस. भारतात 2019 पासून ई-सिगारेट, म्हणजेच वेप, बनवणे, आयात करणे, विकणे, तिची जाहिरात करणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये त्याच वस्तूचे किट दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना देण्याची ‘स्वॅप टू स्टॉप’ योजना 2023 मध्ये सरकारनेच जाहीर केली. पुण्याहून आलेले पाहुणे हे ऐकून चक्रावतात. त्यांना मी सांगतो, व्यसन निकोटिनचे लागते, पण जीव घेतो तो मुख्यतः जळत्या तंबाखूचा धूर. ब्रिटनमध्ये धूम्रपानाने वर्षाला सुमारे 80 हजार माणसे दगावतात. वेपही निर्धोक नाही. ज्याने कधी सिगारेट ओढली नाही, त्याने वेपच्या वाटेला जाऊच नये. ज्याची सिगारेट काही केल्या सुटत नाही, त्याचे गणित मात्र वेगळे आहे.

हे गणित इंग्लंडच्याच धूम्रपानमुक्ती केंद्रांत तपासले गेले. पीटर हायेक आणि सहकाऱ्यांनी 886 जणांवर केलेली चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर निकोटिनचे पॅच, च्युइंगम वगैरे घेणाऱ्यांपैकी 9.9 टक्के, तर वेप घेणाऱ्यांपैकी 18 टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. त्या 18 टक्क्यांतले बहुतेक जण तेव्हाही वेप ओढत होते, हेही नमूद केले पाहिजे. पण या चाचणीतला एक तपशील चर्चेत क्वचितच येतो. वेप घेणाऱ्या गटाला सुरुवातीला वेपच्या द्रवाची एक बाटली दिली होती. पुढची बाटली त्यांनी आपल्या आवडीच्या स्वादाची आणि मात्रेची स्वतः निवडावी, असे सांगितले होते. म्हणजे ज्या यशाचा आपण दाखला देतो, त्यात निवडीची मोकळीक आधीपासूनच होती.

ही मोकळीक मिळाली की प्रौढ माणसे बहुधा फळांच्या स्वादाकडे वळतात. त्यात पोरकटपणा काही नाही. सिगारेट थांबली की जीभ आणि नाक पुन्हा जागे होतात आणि धुराचा वास नकोसा होतो. मग ज्याचा प्रत्येक झुरका जुन्या सवयीची आठवण करून देईल, असा तंबाखूच्या स्वादाचा वेप कशाला हवा? अमेरिकेतल्या अबिगेल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्याला 2020 च्या अभ्यासात दिसले, की तंबाखूखेरीज अन्य स्वादांनी सुरुवात करणाऱ्या प्रौढांची सिगारेट सुटण्याची शक्यता अधिक होती. केवळ स्वादामुळेच ती सुटली, असे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. पण बंदीचा निर्णय घेताना हा निष्कर्ष बाजूला सारताही येत नाही.

मुलांनाही हेच स्वाद आवडतात, ही आपली काळजी खरी आहे. महाराष्ट्रात आम्ही टपऱ्यांवर लटकणाऱ्या गुटख्याच्या रंगीत माळा पाहिल्या आहेत. 2012 मध्ये तिथे गुटखाबंदी झाली, तरी चोरून विक्री सुरूच आहे. त्या अनुभवातून दोन गोष्टी कळतात: गोड चव आणि चकचकीत पुडी पोरांना ओढून घेते; आणि बंदी घातली की माल चोरवाटेने येतो, त्यात काय मिसळले आहे ते कुणी तपासत नाही.

म्हणून घाव वेष्टनावर घाला. ब्रिटनमधल्याच संशोधकांनी 2023 मध्ये दाखवून दिले, की साध्या, एकरंगी वेष्टनामुळे किशोरवयीनांचे वेपबद्दलचे कुतूहल कमी झाले, प्रौढांचे मात्र झाले नाही. यापेक्षा सोयीचे हत्यार कोणत्या सरकारला मिळते?

माझ्या मागण्या अशा: बाटलीवर ‘स्ट्रॉबेरी’ एवढे लिहू द्या, ‘युनिकॉर्न’, ‘गमी बेअर’ असली नावे, कार्टूनचित्रे आणि भडक रंग हद्दपार करा. वेप चॉकलेटच्या शेजारी नको, गल्ल्यामागे झाकून ठेवायला लावा. अठरा वर्षांखालच्यांना विकणाऱ्याचा परवाना रद्द करा. स्वादासाठी वापरल्या जाणाऱ्या डायअसेटिल या रसायनावर वेपमध्ये इथे आधीच बंदी आहे. श्वासावाटे घातक ठरणारे आणखी घटक प्रयोगशाळेत सापडतील तसे तेही वगळा. नेदरलँड्सने 2024 पासून तंबाखूखेरीज सगळे स्वाद बंद केले. तिथे सिगारेटची विक्री वाढते का, याची पाहणी झाल्याशिवाय तो कित्ता गिरवू नका.

निकोटिनच्या वस्तूंत सिगारेट हीच सर्वांत घातक आहे आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात आजही मिळते. ती सोडू पाहणाऱ्याचा मार्ग सिगारेटपेक्षा अवघड होईल, असा एकही नियम आपल्या सहीने निघू नये, ही विनंती.

आपला,
लंडनचा एक मराठी रहिवासी