धर्मार्थ दौडीची अनामत परत मिळणेबाबत व यंदाच्या परवानगीबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपरिषद कार्यालय, यांचे सेवेसी

महोदय,

सविनय निवेदन ऐसे की, कृष्णाकाठच्या या नगरात पहाटे धावणारे जे निरनिराळे रनर्स क्लब आहेत, म्हणजे शिक्षकांचा, बाजारपेठेतील व्यापाऱ्यांचा, स्त्रियांचा आणि दर रविवारी डोंगररस्ता चढणाऱ्या तरुणांचा, त्यांनी आपापल्या टीशर्टांच्या रंगाचा अभिमान बाजूस ठेवून गतवर्षी प्रथमच एक संयुक्त समिती स्थापिली आणि थॅलेसेमियाग्रस्त बालकांच्या औषधोपचारार्थ १० व २१ किलोमीटरची दौड भरविली. त्या समारंभात आपण स्वतः पारितोषिके दिलीत व दोन गौरवाचे शब्दही बोललात. त्यामुळे दौड झालीच नाही असे तरी आपल्या दफ्तरास म्हणता येणार नाही.

ही मुले म्हणजे ज्यांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त भरावे लागते, आणि वारंवार भरलेल्या रक्तातील लोह हृदयात व यकृतात साचत जाऊ नये म्हणून ज्यांना रोजच्या रोज औषध घ्यावे लागते, अशी. रक्ताची पिशवी विनामूल्य मिळाली तरी औषध, तपासण्या आणि गावाहून रुग्णालयापर्यंतचे एस.टी.चे भाडे या गोष्टी विनामूल्य होत नाहीत. यासाठी जमलेल्या निधीपैकी पंचवीस हजार रुपये गेले वर्षभर आपल्या तिजोरीत ‘रस्ता-अनामत’ या सदराखाली अडकून पडले आहेत, आणि प्रस्तुत निवेदनाचे मुख्य प्रयोजन तेच आहे.

अनामत परत करण्याचे नियम आपणांस विदितच असल्याने त्यांची उजळणी येथे करीत नाही. घडले काय, तेवढे सांगतो. दौडीच्या मार्गावर वळणावळणाला दिशा कळावी म्हणून आम्ही चुन्याच्या फक्कीने बाण काढले होते. दौड संपल्यावर त्याच दुपारी आमच्या सभासदांनी, त्यांत निवृत्त मुख्याध्यापकही होते, बादल्या व खराटे घेऊन ते धुऊन काढले आणि त्याची छायाचित्रे आपल्या बारनिशीत दाखल केली. असे असता, ‘मार्गावर खुणा आढळल्या, सबब डांबरी पृष्ठभागास हानी’ असा शेरा मारून अनामत रोखण्यात आली. पुढे पंधरवडाही लोटला नसेल, तोच पुलापासून एस.टी. स्थानकापर्यंतचा तोच रस्ता जलवाहिनीसाठी नगरपरिषदेच्याच ठेकेदाराने उभा चिरला, चर मुरुमाने बुजविला आणि त्यावर आजतागायत डांबर पडलेले नाही. ज्या डांबराच्या हानीपोटी मुलांचे पैसे राखून ठेवले आहेत ते डांबरच जागेवर नाही, मग हानीचे मोजमाप कोणी व कशावर केले, हे आम्हांस तरी उमगत नाही. चुन्याने डांबर झिजते असा काही नवा शोध लागला असल्यास तोही कळवावा.

यासंबंधी आम्ही तगादा लावला नाही असे नाही. प्रथम ‘आठ दिवसांत चलन निघेल’ असे सांगण्यात आले. मग लेखापरीक्षण व्हावयाचे होते. ते आटोपले तेव्हा प्रकरण बांधकाम विभागात होते, आणि बांधकाम विभागात चौकशी केली असता ते लेखा विभागात परत गेल्याचे समजले. त्यानंतर संबंधित लिपिकांची बदली झाली. अखेर लोकशाही दिनी, चारचौघांसमक्ष, ‘दिवाळीपूर्वी रक्कम हाती पडेल’ असे आश्वासन आपल्याच कार्यालयातून मिळाले. दिवाळी झाली, तुळशीची लग्ने लागली, आणि गेल्या आठवड्यात रकमेऐवजी, यंदाच्या दौडीसाठी तेवढीच नवी अनामत भरावी असे पत्र मात्र तत्परतेने आले!

याच मुलखात १९५२ साली पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकी ऑलिंपिकला पाठविण्यासाठी गावोगाव वर्गणी झाली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण टाकले होते. वर्गणीच्या पैशाचे मोल येथील लोकांना नव्याने शिकवावे लागत नाही, म्हणूनच आमचे देणगीदार आम्हांस भर रस्त्यात अडवून हिशेब विचारतात. त्यांना सांगण्यासारखे उत्तर आमच्यापाशी नाही. ते आपल्यापाशी आहे.

तेव्हा आमची मुख्य मागणी अशी की, गतवर्षीची अनामत समितीच्या खात्यावर पूर्ण जमा करावी, निदान यंदाच्या अनामतीपोटी वळती करून घ्यावी, आणि रोखण्याचा शेरा लेखी रद्द करावा; तोंडी आश्वासन या वेळी आम्हांस पुरणार नाही. यंदाची दौड संक्रांतीनंतरच्या रविवारी योजिली आहे. गतवर्षी परवानगीचे पत्र आदल्या सायंकाळी हाती पडल्याने रुग्णवाहिका व बॅरिकेड यांची जुळवाजुळव रात्री करावी लागली. यंदा ते निदान पंधरा दिवस आधी मिळावे. पहाटे मार्गावरील दिवे चालू असावेत, पाण्याचा एक टँकर मिळावा आणि घाटाजवळील मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त व्हावा, एवढेच बाकी मागणे. त्या चरावर तेवढ्यात डांबर पडले तर उत्तमच. न पडल्यास धावणाऱ्यांना तेथून वळवून नेण्याची तजवीज आम्ही करू.

या निवेदनाची दुसरी प्रत सोबत जोडली आहे. तिजवर पोचेच्या शिक्क्याबरोबर रक्कम परत करण्याची तारीखही लिहून द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपले नम्र,
संयुक्त दौड समितीचे सभासद
(सह्यांची यादी, अनामतीची पावती व छायाचित्रे सोबत)