परवाना आहे, विमान नाही!

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं आहे, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घ्याव्यात. मतं मात्र माझी आहेत, ती कृपया तशीच राहू द्यावीत.

२०२५ च्या दिवाळीत मी नाशिकला मावशीकडे गेले होते. माझा मावसभाऊ पायलट आहे. म्हणजे काय, की त्याच्याकडे लायसन्स आहे, नोकरीचं पत्र आहे, कपाटात प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये कडक इस्त्रीचा युनिफॉर्म आहे. फक्त विमान नाहीये. फराळाला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय कॅप्टन, सुट्टीवर का?" आणि दादा हसून म्हणायचा, "हो काका, सुट्टीवर." ही सुट्टी सुरू होऊन तेव्हा अकरा महिने झाले होते. मावशी चकलीचं ताट घेऊन मुकाट्याने आत जायची, कारण बँकेचा हप्ता काही सुट्टीवर गेला नव्हता.

कंपनीने त्याला घेतलं ते विमान येणार म्हणून. विमान आलं नाही. स्टायपेंडवर थांबा म्हणाले. किती दिवस? ते कुणालाच माहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, भारतात तर विमानांचा नुसता पाऊस पडतोय! मला पण तसंच वाटायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानांची ऑर्डर जाहीर केली. जूनमध्ये पॅरिसच्या एअर शोमध्ये इंडिगोने एकदम ५०० सांगितली. जानेवारी २०२४ मध्ये अकासाने आणखी १५०. बेरीज करा, अकराशे वीस! एका छोट्या जेटमागे दहा-बारा तरी वैमानिक लागतात, म्हणजे हिशोब सरळ आहे असं कुणालाही वाटेल. दादाच्या बाबांनाही वाटलं. पण बातमीच्या खालच्या परिच्छेदात असं होतं की इंडिगोची ती ५०० विमानं २०३० ते २०३५ या काळात मिळणार आहेत. खालचा परिच्छेद कोण वाचतं? त्या वर्षी देशात दीड हजाराच्या वर कमर्शिअल लायसन्स दिली गेली.

बरं, जी विमानं लवकर यायची होती त्यांचं काय झालं? इथे आपल्या ब्रँचचा संबंध येतो. मटेरियल सायन्सच्या लेक्चरला झोपणाऱ्यांनी (त्यात मीही आले) जरा लक्ष द्या. प्रॅट अँड व्हिटनी कंपनीच्या गिअर्ड टर्बोफॅन इंजिनातल्या काही डिस्क धातूच्या पावडरपासून बनवतात. २०१५ च्या शेवटापासून २०२१ पर्यंत बनलेल्या पावडरीत अशुद्धी निघाली, त्यामुळे डिस्कला तडे जाण्याचा धोका. जुलै २०२३ मध्ये हे जाहीर झालं आणि जगभर शेकडो इंजिनं उतरवून तपासायला पाठवावी लागली. तपासायची जागा कमी, रांग मोठी. २०२४ च्या सुरुवातीला इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं जमिनीवर उभी होती. त्याच्या आधी, मे २०२३ मध्ये, गो फर्स्टने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दोष याच जातीच्या इंजिनांना दिला (इंजिन कंपनीने तो मान्य केला नाही). वैमानिक मात्र त्या आठवड्यात रस्त्यावर आले.

बोईंगची कथा तर वेगळीच. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सच्या ७३७ मॅक्सचा एक बंद केलेला दरवाजा हवेत निखळून पडला. तपासात कळलं की चार बोल्ट बसवलेच नव्हते. चार बोल्ट! आपल्या वर्कशॉपमध्ये एक नट कमी पडला तर सर जर्नल फेकून देतात. मग अमेरिकन सरकारने महिन्याला ३८ च्या वर मॅक्स बनवायच्या नाहीत अशी मर्यादा घातली, सप्टेंबरमध्ये कामगारांचा संप झाला, तो सात आठवडे चालला. साउथवेस्टला त्या वर्षी ७९ विमानं मिळायची होती, एप्रिलपर्यंत तो आकडा २० वर आला आणि त्यांनी वैमानिकांची भरती थांबवली. युनायटेडने आपल्या वैमानिकांना मे महिन्यात स्वखुशीने बिनपगारी रजा घ्या असं सुचवलं. म्हणजे दादा एकटा नाही. पण तिकडच्या वैमानिकाच्या मागे युनियन आहे, दादाच्या मागे मावशी आहे.

माझं सगळ्यात मोठं कोडं डिसेंबर २०२५ मध्ये पडलं. दिवाळी होऊन दीड महिना झाला असेल. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवीन नियम लागू झाले होते, इंडिगोकडे त्या हिशोबाने वैमानिक पुरले नाहीत आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. आमच्या मेसमध्ये टीव्हीवर पुणे विमानतळावरचा गोंधळ दाखवत होते. मी दादाला फोन केला, "अरे, इथे पायलट नाहीत म्हणून विमानं उभी आहेत आणि तू विमान नाही म्हणून बसलायस, हा काय प्रकार आहे?"

तेव्हा त्याने मला टाइप रेटिंग समजावलं. लायसन्ससाठी दोनशे तास लहान विमान उडवायचं. नंतर ज्या जातीचं जेट उडवायचं त्याचं वेगळं प्रशिक्षण, त्याला लाखोंनी पैसे. एअरबसचं रेटिंग असेल तर बोईंग चालवता येत नाही आणि उलटही. म्हणजे स्कूटर येते म्हणून बस चालवता येत नाही हे ठीक आहे, पण इथे एका कंपनीची बस येते म्हणून दुसऱ्या कंपनीची चालवता येत नाही! शिवाय कमतरता असते ती मुख्यतः कॅप्टनची. कॅप्टन व्हायला पंधराशे तासांचं वरचं लायसन्स लागतं. तास मिळतात उडून. उडायला विमान नाही, म्हणून तास नाहीत, म्हणून वरचा माणूस कॅप्टन होत नाही, म्हणून उजवी सीट रिकामी होत नाही, म्हणून खालचा घरी. रांगेत एक जण अडकला की शेवटच्या नंबरपर्यंत सगळे अडकतात. आणि बसून राहणंसुद्धा फुकट नसतं. मेडिकल दरवर्षी, इन्स्ट्रुमेंट रेटिंग दरवर्षी, नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ लँडिंग झाली नाहीत तर परत सिम्युलेटर. इंजिनिअरिंगची डिग्री निदान शिळी होत नाही. (काही सरांचं मत वेगळं आहे.)

हे सगळं मी आमच्या एका सरांना सांगितलं. ते म्हणाले, "यात एअरलाइनची काय चूक? विमान बनवणारे वेगळे, इंजिनवाले वेगळे. आणि प्रशिक्षणाला सहा-आठ महिने जातात, भरती आधी करावीच लागते." सरांचं म्हणणं मला पटतं, अर्धं. भरती आधी करावीच लागते. पण मग चुकलेल्या अंदाजाचा खर्च कुणी उचलायचा? विमान उशिरा आलं की एअरलाइन उत्पादकाकडे नुकसानभरपाई मागते, करारात तशी कलमं असतात. इंडिगोने इंजिनांसाठी भरपाई घेतलीसुद्धा. त्यातलं रांगेच्या शेवटच्या मुलापर्यंत काय पोचतं? त्याच्याकडून मात्र बाँड घेतात. २०१७ च्या सरकारी नियमाने को-पायलटला सहा महिने आणि कॅप्टनला एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते, कारण वैमानिक अचानक गेला तर प्रवाशांचे हाल होतात. मान्य! मग कंपनीनेही लिहून द्यावं की तुझं विमान अमुक महिन्यापर्यंत आलं नाही तर आम्ही पूर्ण पगार देऊ, किंवा बाँड सोडू आणि रेटिंगचे पैसे परत करू. सही दोन्ही बाजूंनी असते तेव्हाच तो करार, नाहीतर ती नुसती हजेरी.

हॉस्टेलवाल्यांना हे नवीन नाही. २०२२ च्या बॅचच्या कितीतरी मुलांना आयटी कंपन्यांची ऑफर लेटर्स मिळाली आणि जॉइनिंगची तारीख वर्ष-दीड वर्ष आली नाही. पेढे वाटून झाले होते! फरक एवढाच की त्यांनी ऑफर लेटरसाठी कर्ज काढलं नव्हतं.

आमच्या विंगमधल्या एका मैत्रिणीला बी.ई. झाल्यावर फ्लाइंगला जायचं आहे. हे सगळं ऐकून तिचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तिने सरळ दादाचा नंबर मागितला. रात्री दहानंतर टेरेसवर रेंज येते तिथे आम्ही त्याला स्पीकरवर घेतलं. ती फ्लाइंग क्लबच्या फीबद्दल विचारेल असं मला वाटलं, पण तिचे प्रश्न भलतेच. कंपनीकडे आज किती विमानं उडतायत, किती उभी आहेत, मागच्या बॅचमधले किती जण अजून घरी आहेत? दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हे मी इंटरव्ह्यूला विचारायला हवं होतं. मला वाटलं, विचारलं तर घेणार नाहीत."

"मग करू का नको?" तिने विचारलं.

"कर की. दोनशे तास कुणी काढून घेत नाही. टाइप रेटिंगचे पैसे मात्र विमान डोळ्यांनी बघितल्याशिवाय भरू नकोस."

ती सध्या क्लास वन मेडिकलच्या तारखा बघते आहे.