झाड वाचवायचं असेल तर टेंडरच्या आधी

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण वर्ध्यात राहत असाल तर पूर्ण वाचा.

२०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या रुंदीकरणासाठी मोठमोठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तेव्हा गावातले लोक रस्त्यावर उतरले. गांधीजींच्या काळातली म्हणून आपण ओळखतो ती ही झाडं. विरोध झाला म्हणून तोड थांबवावी लागली. पण तोपर्यंत बरीच झाडं आडवी झाली होती.

त्या आंदोलनाचं कौतुक आपण आजही करतो, केलंच पाहिजे. पण त्यातून एक गोष्ट शिकायची राहून गेली. आपण पोहोचलो तेव्हा नकाशा तयार होता, टेंडर निघालं होतं, मशीन उभी होती. झाड कुऱ्हाडीने पडते त्याच्या कितीतरी आधी ते कागदावर पडलेलं असते. म्हणून लढायचं तर कागदाच्या वेळी लढायला पाहिजे.

आता कायद्याचं बघा. नगरपालिका हद्दीसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड 'प्राचीन वृक्ष' म्हणजे हेरिटेज धरलं जाते. तोडायची परवानगी मिळालीच, तर त्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावून सात वर्षं जगवायची असतात. कागदावर कायदा चांगला आहे.

पण आपलं शहर वाढते आहे कुठे? पिपरी मेघे, सिंदी मेघे, बोरगाव मेघे, सावंगी, नालवाडी. या सगळ्या ग्रामपंचायती! तिथे सहसा हा शहरी कायदा नाही, १९६४ चा झाडतोडीचा कायदा चालतो, आणि तो फक्त यादीतल्या झाडांना संरक्षण देतो. त्या यादीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ आहेत. कडुलिंब, वड, पिंपळ नाहीत. म्हणजे धुऱ्यावरचा साठ वर्षांचा कडुलिंब शेतात उभा असेपर्यंत सगळ्यांचा असते, आणि शेताचा लेआउट पडला की त्याला विचारणारं कोणी नसते.

दुसरी गोष्ट, 'वाचवलेल्या' झाडांची. रस्ता झाला, झाड तसंच ठेवलं, गेरू-चुन्याचा पट्टाही मारला. आपण खूश. पण बुंध्याला चिकटून सिमेंट, एका बाजूने नालीसाठी खोदलेला चर, दुसऱ्या बाजूने दोन फूट मुरमाचा भराव. झाडाची पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन-अडीच फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. ती तुटली, दबली की झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षं शेंडा वाळत जाते, मग एखाद्या वादळात कोसळते. आपण म्हणतो, झाड जुनं होतं, धोकादायक होतं. धोकादायक आपणच केलं ना भाऊ!

बांधकामाच्या जगात यासाठी एक साधा हिशेब वापरतात. छातीच्या उंचीवर खोडाची जेवढी जाडी, तिच्या बारापट अंतरापर्यंत चारी बाजूंनी खोदकाम, भराव, गिट्टी-रेतीचा ढीग, गाड्या काही नको. दोन फूट जाड खोड असेल तर चोवीस फूट. प्रत्येक ठिकाणी एवढी जागा सोडणं जमणार नाही, हे कबूल. पण बुंध्याभोवती निदान एक मीटर तरी? दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं.

काही जण म्हणतील, "मग रस्तेच करू नका का?" करा ना. सेवाग्रामच्या आणि सावंगीच्या दवाखान्यात याच रस्त्यांनी ॲम्ब्युलन्स जातात, अरुंद रस्त्यावर अपघात होतात, हे कोणीच नाकारत नाही. प्रश्न रस्ता की झाड असा नाहीच. रस्ता चार फूट सरकवता येते का, झाडांची रांग मधल्या दुभाजकात घेता येते का, नाली दुसऱ्या बाजूने नेता येते का, हे नकाशा काढताना विचारलं तर फुकटात होते. टेंडरनंतर विचारलं तर 'खर्च वाढेल' हे उत्तर ठरलेलं.

आणि खर्चाचंच बोलायचं तर तेही ऐका. आपल्या नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश असताना सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या ३५६ झाडांच्या प्रकरणात तज्ज्ञांची समिती नेमली. २०२१ मध्ये समितीने झाडाची किंमत काढली: वर्षाला ७४,५०० रुपये, गुणिले झाडाचं वय. पन्नास वर्षांचं झाड म्हणजे ३७ लाखांच्या वर. आकड्यावर वाद घाला, पण आपल्या एस्टिमेटमध्ये उभ्या झाडाची किंमत बहुतेक वेळा लाकडाचीच असते, त्याचं काय? मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जाते तेव्हा सावलीची किंमत बसस्टॉपवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत:

१. कोणत्याही रस्त्याच्या किंवा लेआउटच्या नकाशात उभं असलेलं प्रत्येक मोठं झाड जात आणि घेरासकट दाखवा. त्याशिवाय मंजुरी नको.

२. टेंडरच्या आधी ती यादी ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या फलकावर लावा.

३. काम सुरू होण्याआधी झाडाभोवती कुंपण घाला, आणि ठेकेदाराचं शेवटचं बिल झाड जिवंत पाहूनच काढा.

४. मेघे गावांच्या ग्रामसभांनी कडुलिंब, वड, पिंपळ तोडण्याआधी ग्रामसभेपुढे विषय आणायचा ठराव करावा. त्याला कायद्याइतकं बळ नाही, पण गुपचूप तोड तरी होणार नाही.

बापूकुटी बांधताना गांधीजींची अट होती, साहित्य आसपासचंच वापरा आणि खर्च कमीत कमी ठेवा. जागेवर जे आहे ते आधी बघायचं, मग बांधायचं, एवढंच त्यातून घेतलं तरी पुरे.

तुमच्या गल्लीत, लेआउटमध्ये काम निघणार असेल तर मशीन यायची वाट पाहू नका. आजच झाडाचा फोटो काढा, घेर मोजा, खाली कमेंटमध्ये जागेसकट टाका. यादी आपणच सुरू करू आणि पुढच्या ग्रामसभेत ठेवू.